नवसात कॉफी नव्हती

माझ्या माहेरी नवस बोलणारी एक आणि फेडणारी दुसरी, असं चालतं. आई देवीला बोलून मोकळी होते. मग कुणी अनवाणी चालायचं, कुणी वांगं सोडायचं, ते ती घरी येऊन सांगते. भावाच्या बारावीसाठी तिनं वडिलांचा तंबाखू सोडला होता. भाऊ पास झाला, पण ते वर्षभर वडील घरातल्या प्रत्येकावर खेकसत होते, अगदी बकरीवरसुद्धा. त्यामुळे त्या सकाळी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "मी रेणुकामायले बोलली तुह्यासाठी," तेव्हा मी आधी खाली बसून घेतलं.

"काय बोललीस?"

"लेकरू सुखरूप हातात येईपर्यंत तू चहा पेणार नाई."

"मी?"

"मंग काय मी? लेकरू तुले होऊन राह्यलं का मले?"

गॅसवर चहा उकळत होता. आलं ठेचून घातलेलं, दूध नुकतंच वर येत होतं. मी गॅस बंद केला आणि दोन्ही कप आमच्या ह्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोन्ही प्यायले आणि आज काय विशेष म्हणून विचारलं.

आमचं गाव यवतमाळकडचं. लग्न झालं आणि मी एकदम नाशकात आले. हे अंबडला एका कंपनीत मशीनवर आहेत. त्या भागात कामगारांना खोल्या देणारी घरं पुष्कळ, त्यातल्याच एका घरात वरच्या मजल्यावर आमची खोली. खाली घरमालकीण राहते. तिला सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते. ती सिन्नरकडची. नवरा वारला, मुलगा पुण्याला, त्यामुळे तिला दिवसभर बोलायला कुणीतरी लागतं. मला तर लागतच होतं. माझी शाळा आठवीत सुटली, गावाबाहेरचं जग मी एसटीच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच पाहिलेलं. पहिल्या आठवड्यात मी दूध आणायला जाताना वळणं पाठ करत जायची, कारण सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसायच्या. मावशीनं जिन्यावरून हाक मारली, "ए पोरी, चहा घेऊन जा," आणि त्या एका हाकेनं मला नाशिक मिळालं. मावशीच्या ओट्यावर शेजारणी आल्या, शेजारणींच्या घरी मी गेले, आणि प्रत्येक ठिकाणी चहा होताच. माझी या गावातली सगळी माणसं मला चहावर मिळालेली आहेत. हे मी उगाच सांगत नाही. चहा सोड म्हणणं म्हणजे काय होतं, ते कळावं म्हणून सांगते.

आईनं नवस बोलायला कारण होतं. आदल्या वर्षी मला दिवस गेले होते. आम्ही दोघंही इतके हरखलो की दुसऱ्याच दिवशी पेढे वाटले. ह्यांनी कंपनीत वाटले, मी गल्लीत वाटले. आणि ते राहिलं नाही. दुसऱ्या महिन्यातच गेलं. मावशीनं तेव्हा मला जिना उतरू दिला नाही. सकाळ-संध्याकाळ ताट झाकून वर आणायची, मी जेवेपर्यंत समोर बसायची, आणि त्या विषयाचा एक शब्द काढायची नाही. सख्खी आई येऊन पोहोचायच्या आधी तिनं मला उभं केलं. पण भेटायला आलेल्या एका बाईनं जाता जाता म्हटलं, "चहा लय व्हायचा का गं तुला? चहा उष्ण पडतो." ती बोलून गेली. माझ्या मनात ते जे जाऊन बसलं, ते उठलं नाही. दिवसाला किती कप व्हायचे ते मी आठवत राहायची आणि आकडा आला की पुन्हा पहिल्यापासून आठवायची.

म्हणून या वेळी आईच्या दोन अटी होत्या. तीन महिने होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, आणि चहा बंद. मी दोन्हीला हो म्हटलं. पोर राहणार असेल तर मी भातसुद्धा सोडला असता.

अडचण अशी झाली की या दोन अटींचं आपसात पटेना. आमच्या गल्लीत चहाला नाही म्हणणारी बाई एकतर रुसलेली असते, नाहीतर तिला दिवस गेलेले असतात. तिसरं कारण कुणी मानत नाही. पहिल्याच दिवशी मावशीनं कप पुढे केला आणि मी हात मागे घेतला. मावशीनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

"का गं? माझं काही चुकलं का?"

"नाही मावशी. पित्त झालंय."

हे मी कसं बोलून गेले मलाच माहीत नाही. पण पित्त हे फार सोयीचं दुखणं आहे. ते दिसत नाही, आणि प्रत्येकीला ते कधी ना कधी झालेलं असतं. मावशीचा चेहरा लगेच मोकळा झाला.

"मग चहा नकोच. आधी सांगायचं ना! थांब, तुला कॉफी करते."

आता कॉफीबद्दल सांगते. आमच्या घरी कॉफी कधी झालीच नाही. ती पाहुण्यांची, तीही साहेब लोकांची. मावशीकडे मात्र कॉफीची बाटली होती. लॉकडाऊनमध्ये मुलानं व्हिडिओ कॉलवर तिला फेटलेली कॉफी करायला शिकवली होती, तेव्हापासून ती तिची शान होती. कपात कॉफी आणि साखर घ्यायची, चमचाभर पाणी घालायचं, आणि हात दुखेपर्यंत फेटायचं. ते पिवळट फुगून आलं की वरून कडकडीत दूध. गल्लीत सगळ्यांना ती मिळत नसे. ती मिळाली म्हणजे मावशीचं तुमच्यावर प्रेम आहे.

माझं डोकं त्या दिवशी सकाळपासून ठणकत होतं. रोज पाच-सहा कप पिणारीनं एकदम चहा तोडला तर डोकं दुखतंच, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, झालं, हे काहीतरी आतलं बिघडलं. मी भीत भीतच कॉफी प्यायले, आणि थोड्याच वेळात ठणका उतरला! अगदी कुणी हातानं काढून घेतल्यासारखा. मला तर खात्रीच पटली की रेणुकामायनंच ती कॉफी खाली मावशीकडे पाठवली होती. नवस चहाचा होता, तो मोडला नव्हता, आणि मावशीचं मनही मोडलं नव्हतं. इतकं चांगलं जमलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग काय, गल्लीत बातमी पसरली की वरच्या पोरीला पित्त आहे, तिला चहा चालत नाही, कॉफी चालते. प्रत्येक घरात मला वेगळी कॉफी होऊ लागली. समोरच्या घरात छोटी पुडी फोडायचे, ती अख्खी माझ्याच कपात. एकीनं तर माझ्यासाठी म्हणून बाटली आणून ठेवली, आणि बाटली आणली म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल? मला तर रडूच यायचं. कोण कुठली मी, आणि माझ्या पित्तासाठी या बायका एवढं करतात. म्हणून मी कुठंच नाही म्हणत नव्हते. जिथं बोलावलं तिथं गेले, दिलं ते संपवलं, कप विसळूनसुद्धा दिला.

आमच्या ह्यांना खरं कारण माहीत होतं. मळमळतं म्हटल्यावर ते कंपनीतून येताना थंड कोलाची बाटली आणायचे. "घे, ढेकर येईल, बरं वाटेल." ढेकर यायचा. बरंही वाटायचं.

फक्त झोप लागत नव्हती. छातीत धडधडायचं. मी समजायची की ही काळजी आहे, आणि काळजी होतीही, त्यामुळे कुणावर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

डॉक्टरांना विचारता आलं असतं. सुरुवातीलाच हे मला सिडकोतल्या एका दवाखान्यात घेऊन गेले होते. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, सोनोग्राफीला कधी यायचं ते सांगितलं आणि विचारलं, "काही विचारायचंय?" मी म्हटलं, नाही. खरं तर माझ्याकडे पोतंभर प्रश्न होते. फोनवरच्या व्हिडिओत एक बाई सांगायची की गरोदरपणात चहाचा घोटसुद्धा नको, तर दुसरी सांगायची की आमच्या आजीनं आयुष्यभर चहा प्यायला आणि सात बाळंतपणं केली. पण समोरच्या माणसाच्या मागे भिंतीवर इंग्रजीतली फ्रेम असली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा सुटली तेव्हापासून हे असंच आहे. मला वाटतं, मी काही विचारलं की त्यांना कळेल मला काहीच माहीत नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी ह्यांना सुट्टी मिळाली नाही. मी म्हटलं, जाईन एकटी. सकाळी तोंडावर पाणी मारलं आणि हळूच जिना उतरले. मावशी दारातच तांदूळ निवडत बसलेली.

"कुठं गं?"

"दवाखान्यात. ते... पित्ताचं."

"एकटी? तोंड बघ कसं पांढरं पडलंय. थांब, मी बी येते. माझं बीपी तपासायचं राहिलंच हाय."

"नको मावशी, तुम्हाला कशाला त्रास—"

पण ती आत जाऊन साडी बदलून आलीसुद्धा. रिक्षात ती मला सांगत होती की पित्ताला सकाळी कोमट पाणी चांगलं, आणि मी रस्ता बघत होते. दवाखाना आला. आम्ही आत गेलो. बाकांवर ओळीनं बायका बसलेल्या, कुणाचं पोट एवढं, कुणाचं त्याहून मोठं. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. मावशीनं सगळीकडे एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "इथं पित्त बघतात व्हय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यावर तिला कळलं. क्षणभर ती रुसलीच. तोंड फिरवून फोटोतल्या बाळांकडे बघत बसली. मग माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि जोरात दाबला.

"कितवा?"

"तिसरा संपतोय. आईनं सांगू नको म्हटलं होतं. मागच्या वेळी आपण—"

"बरं केलं. माझ्या तोंडात काय तीळ भिजत नाय, मलाच माहीत हाय," ती म्हणाली, आणि पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग आपले.

आमचा नंबर आला तेव्हा ती माझ्यासोबतच आत शिरली. मॅडमनी वजन केलं, बीपी घेतलं, आणि विचारायला लागल्या.

"झोप?"

"नाही लागत."

"धडधड होते का?"

"होते."

"चहा किती घेतेस?"

या प्रश्नाची मी केव्हाची वाट पाहत होते. मान वर करून म्हटलं, "बंद आहे मॅडम. कळलं त्या दिवसापासून एक घोटसुद्धा नाही."

"अरे वा. पूर्ण बंद करायची गरज नसते खरं तर. आणि कॉफी?"

मी त्याच उत्साहात होते. "होते की. चार तरी होतात. कधी पाच."

मॅडमचा पेन थांबला. मावशीला वाटलं, त्यांना पटलं नाही. ती पुढे सरकून म्हणाली, "खरंच देते मॅडम. माझ्या हातची, फेटलेली. दोन मोठे चमचे भरून टाकते. पाणी नाय, नुसत्या दुधातली!"

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"अगं, चहा का सोडलास तू?"

मी नवसाचं सांगितलं, पित्ताचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं. कोलाचंही सांगितलं, कारण आता काही लपवायची हिंमत नव्हती. त्या ओरडल्या नाहीत. हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं. मग नीट समजावलं. म्हणाल्या, चहात जे असतं तेच कॉफीत असतं, त्याला कॅफिन म्हणतात. कॉफीत ते चहापेक्षा जास्त. कोलातही थोडं असतं. तेच तुला झोपू देत नाही, तेच धडधड करतं. थोडं असलं तर चालतं, खूप झालं तर बाळासाठी बरं नाही. दिवसाला दोन छोटे कप चहा पुरे, नाहीतर एक हलकी कॉफी. दोन्ही नाही, आणि कोला तर नकोच. आता लोहाची गोळी सुरू करायची आहे, ती चहा-कॉफीबरोबर घ्यायची नाही, जेवणाला लागूनही चहा नको, नाहीतर लोह अंगाला लागत नाही.

"मी तं माझी बीपीची गोळी बी चहाबरोबरच घेते," मावशी म्हणाली.

"तुमचं आपण नंतर बघू, आजी."

मावशीला कुणी आजी म्हटलेलं चालत नाही. पण त्या दिवशी ती गप्प बसली, यावरून समजा.

मी विचारलं. कसं विचारलं मला माहीत नाही, फ्रेम तिथंच होती, पण विचारलं. "मॅडम, मागचं चहामुळे गेलं का?"

मी सोबत नेलेली जुनी फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "पहिल्या महिन्यांत असं खूप जणींचं होतं. बहुतेक वेळा बाळाची वाढच मुळात नीट सुरू झालेली नसते. तुझ्या चहामुळे गेलं असं कुणीही सांगू शकत नाही. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. हे डोक्यातून काढ."

"आणि हे आत्ताचं?"

"आत्ताचं बघू या ना. बाहेर बस, पाणी पी, बोलावते."

बाहेर बसलो. मला पाण्याची बाटली दिली होती, ती मी नुसती तोंडाला लावायची आणि पुन्हा झाकण लावायची. मावशी माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होती. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "मीच पाजली गं. मीच. हात दुखेपर्यंत फेटून फेटून पाजली."

"मावशी, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"चहानं पोर काळं होतं म्हणत्यात. कॉफी तं चहाहून काळी."

बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरनं मान न वळवताच सांगितलं, "आजी, रंगाचं काही नसतं. आईबापासारखं होतं." एका सकाळीत दुसऱ्यांदा आजी. मावशीनं तेही गिळलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिला आज तपासणी आहे माहीत होतं. मी सांगायला लागले तर रडूच यायला लागलं, म्हणून मावशीनं फोन घेतला. फोनवर दोघी याआधी कधी बोललेल्या नव्हत्या. आईचा आवाज असा की फोन कानाला न लावताही सगळ्या बाकांना ऐकू येत होता.

"कोणं पाजली तिले कॉफी?"

"मी पाजली. पण तुम्ही नवस बोललात तं नीट बोलायचा ना! चहाचं बोललात, कॉफीचं कोण बोलणार?"

"माय वं! आमच्या घरी कॉफी पेते कोण? मले काय ठाव तिथं कॉफीची गंगा वाहून राह्यली!"

"पोरीला पित्त हाय म्हणून दिली मी. जीव लावून दिली."

"पित्त? तिले कुठचं पित्त? तिच्या बापाले आहे पित्त!"

समोरच्या बाकावरची मोठ्या पोटाची एक बाई हसता हसता पोट धरून वाकली, तिची सासू तिला जोरात हसू नको म्हणून दटावायला लागली. मग आईचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "ताई, तुम्ही तिच्यापाशीच हा ना?"

"इथंच हाय. कुठं जाते?"

"मंग झालं. मांगच्या वेळी बी तुम्हीच होत्या. मले पोचाले दोन दिवस लागले."

मावशीनं फोन मला परत दिला आणि नाक शिंकरायला बाहेर गेली.

सिस्टरनं नाव पुकारलं. आत अंधार होता. पोटावर थंडगार जेल लावलं तेव्हा मी शहारले. मॅडम पडद्याकडे बघत होत्या, मी मॅडमच्या तोंडाकडे. गेल्या वेळी सोनोग्राफी करताना डॉक्टरांचं तोंड पाहूनच मला कळलं होतं. या वेळी मी त्यांच्या भुवया बघत होते, ओठ बघत होते. मावशी पायांपाशी उभी होती. तिनं माझ्या पायाचा अंगठा पकडला होता, तो इतका घट्ट की दुखत होता. मी मनात म्हणत होते, रेणुकामाय, कॉफीचं मला कळलं नाही. आता कळलं. आता काहीच नको, फक्त हे राहू दे.

मॅडमनी कुठलंसं बटण दाबलं. आणि आवाज आला. घोडा पळत सुटावा तसा. धकधक धकधक धकधक, इतका भरभर की मी घाबरून विचारलं, "हे कॉफीमुळे का?"

मॅडम या वेळी उघड हसल्या. "नाही गं. बाळाचे ठोके असेच असतात, आपल्यापेक्षा भरभर. व्यवस्थित आहे. वाढही बरोबर आहे. उद्यापासून फक्त ती कॉफी थांबव."

"आजपासून," मावशी म्हणाली. मग तिनं माझा अंगठा सोडला आणि मॅडमना म्हणाली, "मॅडम, माझ्या कानाला जरा कमीच ऐकू येतं. तेवढं परत लावता का?"

मावशीचे कान असे आहेत की खाली बसून तिला वरच्या खोलीत दूध उतू गेल्याचा आवाज कळतो. मॅडमना ते माहीत नव्हतं. किंवा असेलही. त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं, आणि मी मावशीच्या कानांचं काही सांगितलं नाही.